पासंग

ओट्यावर चार तराजू, त्यातला एक माझा, पिठाचा.
प्रत्येकावर गाडीचं एकेक चाक.
हेल्दुर चष्मा कपाळावर ढकलतो आणि म्हणतो,
लेइली, आकडे वाच.

पुढचं डावं, बाराशे नऊ.
पुढचं उजवं, अकराशे अठ्ठ्याऐंशी.
मागची दोन मी नुसती पुटपुटते.
डावी बाजू एकूण एकतीस ग्रॅमनी जड,
हे त्याला बोटांनी आधीच कळलंय.

शिसं आहे डब्यात, मी म्हणते,
चिकटव उजवीकडे एकतीस ग्रॅम, आणि जेवायला चल.
तो असा बघतो,
जसं मी सुपात साखर घातली.

भर घालणं हा आळशाचा तोल, म्हणतो.
आधी हलव. मग पुन्हा हलव.
पासंग अगदी शेवटी,
आणि तोही लाजत.

विर्त्सूहून मुहू बेटाला जाणाऱ्या फेरीबोटीच्या पोटात
एकोणतीस वर्षं तो नारिंगी हातमोजे घालून उभा होता.
लाकडाचा ट्रक इकडे, दुधाचा टँकर तिकडे,
उरलेल्या फटींत लग्नाला निघालेल्या मोटारी.
ड्रायव्हर काच खाली करून ओरडायचे,
पुढे एवढी जागा आहे, मला मागे का?
हा नुसता हात हलवायचा.
उत्तर समुद्राला द्यायचं असायचं,
त्यांना नाही.

आता ही बोट माझ्या हाताएवढी लांब,
उंचीला कपबशीपेक्षा कमी.
मोटर मागे बसते. तिला हलवता येत नाही,
बाकीच्यांनी तिच्याभोवती सरकून घ्यायचं,
असं एक माणूस प्रत्येक घरात असतं.
बॅटऱ्या दोन, जुळ्या म्हणून विकलेल्या,
पण एक सहा ग्रॅमनी जड.
जुळ्यांतही कुणीतरी थोरलं असतंच.

वजन नाकात हवं, तो सांगतो,
(मला नाही, सर्वोच्या वायरीला)
दोनशेच्या पुढे गेलं की हवा नाकाखाली बोट घालते,
आणि गाडी मागे वळून आकाश बघते.
गेल्या ऑगस्टला बघितलं होतं तिनं.
आम्ही तिला बादलीतून घरी आणलं.

रात्री साडेअकरा, अजून उजेड आहे.
बॅटऱ्या चार मिलिमीटर उजवीकडे.
वाच.
मी वाचते.
आता उजवी बाजू नऊ ग्रॅमनी जड.
मी थांबते, तो पुन्हा स्क्रू सोडवेल म्हणून,
पण तो कपाट लावावं तसं गाडीचं कवच लावतो.

नऊ राहिले, मी म्हणते.
राहू देत. उद्या वारा उजवीकडून आहे.

रशियन विमानांची जुनी धावपट्टी,
काँक्रीटच्या सांध्यांतून उगवलेलं गवत,
कडेला जुनिपरची झुडपं, आणि वाम्बोला,
जो दर वर्षी टोपी हरवतो आणि दर वर्षी रडार विसरत नाही.
हेल्दुर रिमोट छातीशी धरतो.
गाडी जाते
असं म्हणणंही उशिराचं आहे,
ती गेलेली असते,
मग आवाज येतो, फाटलेल्या कापडासारखा.

दोनशे सतरा, वाम्बोला ओरडतो.
हेल्दुरला दोनशे वीस हवे होते.
पण रेघ सरळ होती.
एवढ्या वाऱ्यात एक रेघ, खडूनं मारावी तशी.
तो काही बोलत नाही, काँक्रीटकडे बघत राहतो,
मुहूच्या धक्क्याला बोट न धडकता लागली
की बघायचा, तसा.

परतीला मी त्याच्या डाव्या हाताला चालते.
मार्चपासून तो पाय जरा मागे राहतो.
त्यानं मला सांगितलेलं नाही,
मीही विचारलेलं नाही,
फक्त पूर्वी मी उजवीकडे चालायचे.

घरी आल्यावर तराजू पुसते.
तीन त्याच्या कपाटात.
चौथ्यावर राईचं पीठ, पाचशे ग्रॅम,
आणि वर चिमूटभर,
जी मी कधीच मोजत नाही.